इंदुताई थांबल्या असत्या

रविवारी सकाळी इंदुताई वेड्यांची नखं कापायच्या. केडगावात त्यांचं घर आमच्या शेजारीच, आणि घराच्या अंगाला कडुनिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत पोतं अंथरून त्या बसायच्या आणि एकेकाला नावाने हाक मारायच्या. ज्याला घरच्यांनी दोराने बांधून आणलेलं असे, जो आदल्या आठवड्यात सख्ख्या भावाच्या दंडाला चावलेला असे, तोसुद्धा त्यांच्यापुढे मुकाट्याने हात पसरायचा. "हलू नकोस राजा, बोट तुटलं तर मला शिवता येतं, पण तुला आवडायचं नाही," असं त्या म्हणायच्या आणि तो हलायचा नाही. मी माझ्या ओट्यावर वह्या तपासत बसलेली असायची. वह्या बाजूला राहायच्या आणि मी त्या हातांकडे बघत बसायची. देवाने या बाईच्या हाताला गुण दिलाय, असं मी सासूबाईंना कितीदा तरी म्हटलं असेल.

हे लिहिताना आज अंगावर काटा येतो. पण तेव्हा ते खरं वाटत होतं, आणि त्यातलं पुष्कळसं खरं होतंही. इंदुताईंबद्दल कुणी विचारलं तर मी अजून 'त्या' असंच म्हणते. इतकं सगळं होऊन गेल्यावर 'ती' म्हणायला हरकत नाही, पण जीभ वळत नाही.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला आम्ही केडगावात राहायला आलो. माझी नोकरी नगरच्या मुलींच्या शाळेत, यजमान फिरतीवर, घरात मी आणि सासूबाई. आमच्या ओट्यासमोरच एस.टी. थांबायची. त्यामुळे इंदुताईंकडे आपल्या माणसाला भेटायला आलेले लोक परतीच्या गाडीची वाट बघत आमच्याच ओट्यावर टेकायचे, पाणी मागायचे आणि मन मोकळं करायचे. घरातल्या वेडाबद्दल माणूस गावात अवाक्षर काढत नाही, परक्या ओट्यावर मात्र सगळं सांगून टाकतो. मला इंदुताई कळल्या त्या अशा दोन्ही बाजूंनी कळल्या.

त्या मूळच्या नगरच्याच. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला. सासरी राबत आयुष्य काढायचं त्यांनी नाकारलं, नर्सिंग शिकल्या आणि लांबच्या एका मोठ्या वेड्यांच्या इस्पितळात पुष्कळ वर्षं राहिल्या. वडिलांनी बांधलेलं केडगावचं घर रिकामं पडलं होतं. परत आल्यावर तिथे त्यांनी माणसं ठेवून घ्यायला सुरुवात केली. एका वेळी पाचसात, फार नाहीत. दाराला पाटी नव्हती. "पाटी लावली तर येणारा गल्लीच्या तोंडावरूनच परत जाईल," असं त्या म्हणायच्या. नगरातले एक निवृत्त डॉक्टर आठवड्याला येऊन जात. त्यांना कमी ऐकू यायचं आणि इंदुताईंवर त्यांचा गाढ विश्वास होता, त्यामुळे त्या सांगतील ते डॉक्टर लिहून देत. तांदळाच्या पेजेची खळ दिलेलं पांढरं पातळ नेसून इंदुताई पुढे आणि काठी टेकत टेकत डॉक्टर मागे, अशी ती फेरी मी अनेकदा पाहिली आहे.

नवा माणूस आला की पहिली गोष्ट दोराची. आणणाऱ्यांकडे बघायचंसुद्धा नाही, आधी गाठ सोडायची. "अहो बाई, हाणील तो," म्हणून आणणारे मागे सरकत. "हाणू दे. इतक्या जणांनी त्याला हाणलंय, त्याचा एक हात माझ्यावर पडला तर बिघडलं काय?" असं म्हणत त्या गाठ सोडत आणि दोर न्हाणीच्या चुलीत टाकत. "परत न्यायला दोर लागंल की," असं एकदा एक पाटील बोलून गेले. "परत न्यायला येणार आहात? मग येताना नवा आणा," इंदुताई म्हणाल्या. पाटील पुन्हा आले नाहीत. इंदुताईंनी ते मला हसत हसत सांगितलं, पण त्या हसण्यात फार राग होता. नातेवाइकांबद्दल त्यांना एकूणच तिटकारा. "वेड एकट्या माणसाला लागत नाही मास्तरीणबाई, घराला लागतं. मी एकाला ठेवून घेते, बाकीचे मोकळे हिंडतात."

तरीही त्या नातेवाइकांना चहा द्यायच्या. आणि चहा देताना त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे: "घरात काही कार्य आहे का?"

या प्रश्नासाठी लोक त्यांना मानत. घरात वेडा माणूस आहे हे सोयऱ्यांना कळलं की पोरीचं जमत नाही, जमलेलं मोडतं. आणि तो ऐन लग्नाच्या तोंडावर गेला तर सुतक येतं, घातलेला मांडव उतरवावा लागतो. ही दोन्ही भयं पोटात घेऊन लोक आलेले असत, पण बोलायला लाजत. इंदुताई आपण होऊन विचारायच्या आणि म्हणायच्या, "कार्य असेल तर निवांत उरकून घ्या. तोवर इकडे फिरकू नका. मी सांभाळते." आमच्या ओट्यावर येईपर्यंत त्या माणसांचे चेहरे हलके झालेले असत. बाई एवढी शिकलेली, पण रीतभात जाणते, असं ते लोक म्हणायचे.

श्रीरामपूरच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याचे काका त्यांच्याकडे होते. फार गोड म्हातारा. तो दिवसभर अंगणात बसून आगगाड्या सोडायचा. तोंडाने शिट्टी वाजवायची आणि हिरवा रुमाल हलवायचा. मी शाळेला निघाले की मलाही हिरवा रुमाल दाखवून रवाना करायचा, आणि शाळा बुडवून घरी राहिले तर लाल. पुतण्याच्या मुलीचं लग्न झालं. तो पेढे घेऊन आला, इंदुताईंनी त्यातले आम्हालाही आणून दिले. त्याच आठवड्यात काका झोपेत गेले. पुतण्या ओट्यावर बसून सासूबाईंना म्हणाला, "काका वेडे होते, पण मनाचे मोठे. लग्न पार पडेपर्यंत थांबले." सासूबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, देवसुद्धा कार्य बघून नेतो. आम्हा सगळ्यांना ते पटलं. असं पुढे आणखी एकदोनदा झालं, आणि तेव्हाही पटलं.

एकदा संध्याकाळी चहा पिताना इंदुताईंनी मला एका बाईची गोष्ट सांगितली. तिला त्यांनी वर्षभर ठेवून घेतलं होतं. ती खरोखर बरी झाली, स्वयंपाक करायला लागली, घरचे घेऊन गेले. पुढच्या वर्षी परत आणली ती बैलगाडीत मुटकुळं करून. घरात कुणाचं तरी लग्न होतं म्हणून तिला कडब्याच्या खोपीत कोंडून ठेवली होती आणि मग तिथेच राहू दिली. "मला तिने ओळखलं नाही. मी नखं कापायला बसले तर बोटं सरळ होईनात," इंदुताई म्हणाल्या. "आपण बरं करतो ते कुणासाठी?" मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या. त्या बाईचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, गावंच्या गावं खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर गेली. इंदुताईंकडे भेटायला येणाऱ्यांची वर्दळ आटली. त्या वर्षी कर्जत तालुक्यातल्या एका खेड्यातून गंगाधर आला.

तिशीच्या आतला, उंचापुरा, हाताला घट्टे पडलेला. जमिनीखाली पाणी वाहतंय, आपल्याला ऐकू येतंय, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याने घरची पडवी खणली, शेजाऱ्याचं अंगण खणलं, शेवटी मारुतीच्या देवळापुढची फरशी उचकटली तेव्हा गावाने त्याला बांधला. इंदुताईंनी रिवाजाप्रमाणे दोर चुलीत घातला आणि त्याच्या हातात कुदळ दिली. "तो परसातला कोपरा तुझा. खण. पाणी लागलं तर हाक मार, टँकरवाल्याची मिनतवारी तरी वाचेल." आम्ही हादरलो. वेड्याच्या हातात कुदळ! पण तो खणत राहिला. सकाळी खणायचा, दुपारी जेवून झोपायचा, उठून पुन्हा खणायचा. इंदुताई रोज काठावर उभ्या राहून "आज काय म्हणतंय पाणी?" असं अगदी गंभीरपणे विचारायच्या. कमरेएवढा खड्डा झाल्यावर एके दिवशी तो वर येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, हितं पानी न्हाई. मी उगंच खांदतूय." मग त्याने आपल्या हाताने तो खड्डा बुजवला. इंदुताई माझ्याकडे येऊन हे सांगताना रडल्या होत्या. ते रडणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

त्याला भेटायला यायची ती त्याची वहिनी, चंद्रभागा. त्याची आई लहानपणीच गेली होती, हिनेच त्याला वाढवला. खडीच्या कामावरून खाडा करून ती यायची, बरोबर मिलोची भाकरी आणि ठेचा. ओट्यावर बसली की तिचं एकच: "बाई, आता चांगलं बोलतूय की. घरी न्यावा म्हन्ते. पर आमचं मालक न्हाई म्हनत्यात. पोरीचं लगीन ठरलंय, पाव्हन्यास्नी दावायचं काय?" इंदुताईंनीही तिला तेच सांगितलं होतं, लग्न उरकून घे, मग बघू.

पुढच्या खेपेला ती आली ती ओट्यावर बसून आधी रडली. पाव्हण्यांना कुणीतरी गंगाधरबद्दल सांगितलं होतं. लग्न मोडलं होतं.

"इंदुताईंना सांगितलंस का?" मी विचारलं.

"न्हाई. भावजी शेजारीच बसल्याले. ताईंनी इचारलं, कार्य उरकलं का? आता मोडलं म्हनून कोन्या तोंडानं सांगू? त्यो लगीच इचारील, का मोडलं वैनी? तुज्यामुळं मोडलं म्हनू व्हय? म्या म्हनलं, उरकलं, ताई. झ्याक झालं." तिने डोळे पुसले, आणि मग तिच्या बोलण्यात एकाएकी धार आली. "पर आता लपवायचं कुनापासून, बाई? ज्येच्यापासून लपवत हुतो ते तर गेलं मोडून. आता मी त्येला घरी नेनार. मालक काय म्हनायचं ते म्हनू द्या. येत्या बाजारच्या दिशी येते. ताईंना मीच सांगन."

बाजारच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी इंदुताईंच्या घरून निरोप आला, गंगाधर झोपेत गेला. मी धावत गेले. पांढऱ्या चादरीखाली तो पडवीत होता. डॉक्टर येऊन, हृदय बंद पडल्याचं लिहून देऊन गेलेही होते. इंदुताई शांतपणे पुढची तयारी करत होत्या. घरचे लोक लांबचे, पोचायला उशीर होतो, म्हणून अंत्यविधी त्या आपणच उरकून टाकत. मी तिथे उभी असतानाच एस.टी. थांबली आणि चंद्रभागा उतरली. तिच्या काखेत गाठोडं होतं. त्यात त्याच्यासाठी नवं धोतर होतं.

ती कशी कोसळली ते मी लिहीत नाही. इंदुताई तिच्याजवळ खाली बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवू लागल्या. "रडू नकोस. पोरीचं लग्न नीट पार पडलं, ते ऐकून गेला तो. कार्यात विघ्न आणलं नाही त्याने."

"कसलं लगीन, ताई," चंद्रभागा हुंदक्यात म्हणाली. "लगीन मोडलंय. म्या खोटं सांगितलं तुमाला."

इंदुताईंचा हात तिच्या पाठीवर थांबला. "मोडलं?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखरीची कळकळ होती. "अगं मग मला सांगायचं नाही का? आता उद्या पोरीचं दुसरीकडे जमलं तर सुतक आडवं येईल. मी थांबले असते."

पडवीत आम्ही तिघीच होतो. चंद्रभागेचं रडणं तिथेच थांबलं. तिने इंदुताईंच्या मांडीवरून डोकं उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. आपण ऐकलं ते दुसऱ्या कुणी ऐकलं का, एवढंच तिला बघायचं होतं. मी ऐकलं होतं. हिरवा रुमाल हलवणारे काका, त्यांच्या नंतरचे ते एकदोघे, आम्ही खाल्लेले पेढे, सगळं एकदम समोर आलं. इंदुताईंना मात्र आपण काही वावगं बोललो असं वाटलेलंच नव्हतं. त्या चुकचुकत होत्या.

"जाळायचा न्हाई त्येला," चंद्रभागा म्हणाली. ती प्रेताजवळ जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही. मी नगरला जाऊन फौजदारासमोर जे ऐकलं ते सांगितलं. त्यांनी आधी मलाच पाणी दिलं, बाई, तुम्ही घाबरला आहात म्हणाले. पण ते आले. इंदुताईंनी त्यांनाही चहा विचारला आणि काहीच नाकारलं नाही. "हो, दुधातून दिलं. त्याला काही त्रास झाला नाही, गाढ झोपला," त्या म्हणाल्या. "घरी नेला असता तर वर्षभरात बांधून परत आणला असता. मी बघितलंय." आणखी कुणाला दिलं, असं विचारल्यावर म्हणाल्या, "ज्यांचं कुणी उरलं नव्हतं त्यांना." किती, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मागच्यांची राख केव्हाच नदीला गेली होती. गंगाधरच्या शवतपासणीत मात्र झोपेचं औषध सापडलं.

मला वाटलं होतं, आता गावोगावचे लोक संतापून येतील. कुणी आलं नाही. पोलिसांनी बोलावलं तेव्हा प्रत्येकाने सांगितलं, आमचा माणूस आजाराने गेला, आमची तक्रार नाही. श्रीरामपूरचा तो पुतण्या तर म्हणाला, मला असे कुणी काकाच नव्हते. त्याच्या धाकट्या मुलीचं बघत होते म्हणे. ज्या माणसाने मला वर्षभर रुमाल दाखवला तो नव्हताच, हे मी कोर्टाच्या बाहेर उभी राहून ऐकलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. इंदुताईंपेक्षा त्या पुतण्याची मला जास्त भीती वाटली.

उरली चंद्रभागा. तिचा नवरा तिला साक्षीला पाठवायला तयार नव्हता. भर कोर्टात नाव निघालं की पोरगी जन्माची घरात बसेल, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. मुलीचं अजून कुठे जमलेलं नव्हतं. तो कोर्टाच्या आवारात झाडाखाली पाठ करून बसला आणि ती एकटी आत गेली. माझी साक्ष आधी झाली होती, म्हणून मी बाकावर बसून बघत होते. इंदुताईंच्या वकिलाने तिला नेमकं तेच विचारलं. घरात वेड होतं म्हणूनच मुलीचं लग्न मोडलं ना? मग तो गेल्याने तुम्ही सुटलातच ना? आमच्या घरात वेड नव्हतं, असं म्हणायची ती सोपी वाट होती. चंद्रभागेने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"व्हय, आमचा गंगा येडा हुता," ती म्हणाली. तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत आला. "बरा व्हत आल्ता. आनि नसता झाला तरी आमचाच हुता. पोरीचं काय व्हायचं ते व्हईल. तुमी लिवून घ्या."

लिहून घेतलं गेलं. पुढे इंदुताईंना जन्मठेप झाली. पण निकालाच्या दिवशी मी गेले नाही, म्हणून मला झालेलं त्यांचं शेवटचं दर्शन हेच, साक्षीच्या दिवसाचं.

आम्ही दोघी आवारात पोलिसांच्या गाडीपाशी उभ्या होतो. पोलीस इंदुताईंना गाडीकडे नेत होते. त्या चंद्रभागेसमोर आल्या आणि थांबल्या. पोलिसांनीही थांबू दिलं, तेसुद्धा त्यांना ताईच म्हणत.

"तू खरंच नेणार होतीस त्याला?" इंदुताईंनी विचारलं.

"व्हय."

"आणि ठेवणार कुठे होतीस? गोठ्यात?"

"सोप्यात. पाव्हनं बसत्यात तितं. सारवून ठेवल्ती जागा."

इंदुताईंच्या कपाळावर बारीक आठी पडली. माझ्याकडे पाहून त्यांनी खात्री करून घेतली, आणि मी होकाराची मान हलवली. मग त्या थोड्या रागानेच म्हणाल्या, "मग मला सांगायचं होतंस."

चंद्रभागेने आवाज चढवला नाही. "जित्तं ऱ्हायला तुमाला इचारायचं हुतं व्हय त्यानं?"

पोलिसाने दंडाला धरलं तशा इंदुताई निघाल्या. गाडीत चढताना पायरीवरून त्यांचा पाय सटकला. सावरायला जवळ उभ्या असलेल्या चंद्रभागेचा हात आपोआप पुढे झाला, आणि अर्ध्या वाटेवरून तिने तो मागे घेतला.